३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे नक्की कोणती तारीख? पायथनमधल्या तारखांविषयी

प्रश्न थोडक्यात असा: महिला बचत गटाच्या कर्जांचा हिशेब ठेवायला पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तारखा टेक्स्ट फाइलमध्ये ०५/०८/२०२४ अशा लिहिलेल्या आहेत. क्रम लावला की मार्च २०२५ ची कर्जं डिसेंबर २०२४ च्या आधी येतात. ३१ जानेवारीच्या कर्जाचा पुढचा हप्ता काढताना प्रोग्राम एरर देऊन थांबतो. सभासदांचं वय अधूनमधून एकाने चुकतं. आणि हप्त्याच्या दिवशी बँक बंद असेल तर तारीख पुढे कशी न्यायची?

यातली पहिली अडचण प्रोग्रामिंगची आहे, बाकीच्या कॅलेंडरच्या. हा फरक आधी लक्षात घ्या, कारण बरेच जण दुसऱ्या प्रकारच्या अडचणीवर 'योग्य फंक्शन' शोधत बसतात. पायथनला दिवस मोजता येतात आणि ते काम तो बिनचूक करतो. पण महिना कधी २८ दिवसांचा, कधी ३१ चा, आणि वर्षही कधी ३६५ दिवसांचं तर कधी ३६६ चं. 'एक महिन्याने' म्हणजे काय, हा नियम गटाने ठरवायचा आणि तुम्ही लिहायचा. तो तयार मिळत नाही.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती आणि आकडे इंग्रजीतच हवेत.)

क्रमापासून सुरुवात करू. फाइलमधून वाचलेली तारीख ही तारीख नसते, ती अक्षरांची ओळ असते, म्हणजे स्ट्रिंग. '०२/०३/२०२५' आणि '२८/१२/२०२४' यांची तुलना करताना पायथन पहिलं अक्षर बघतो: एकीकडे शून्य, दुसरीकडे दोन. शून्य लहान, म्हणून मार्च आधी. वर्षापर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळे फाइलमधली ओळ वाचली की लगेच, त्याच ठिकाणी, तिची खरी तारीख करून घ्यायची. आत सगळा हिशेब तारखेच्या रूपात करायचा आणि छापताना पुन्हा तिची ओळ करायची. मधे कुठेही स्ट्रिंगवर गणित नको. 'पहिली दोन अक्षरं कापली की दिवस मिळतो' अशा ओळी तुमच्या प्रोग्राममध्ये असतील तर त्या आजच काढून टाका.

ओळीची तारीख करतं ते स्ट्रपटाइम आणि तारखेची ओळ करतं ते स्ट्रफटाइम. दोघांत एका अक्षराचा फरक, आणि सगळ्यांचाच गोंधळ होतो. पी म्हणजे पार्स, एफ म्हणजे फॉरमॅट, एवढं ध्यानात ठेवा. स्ट्रपटाइमला दोन गोष्टी द्यायच्या: ओळ आणि तिचा साचा. आपल्या पद्धतीच्या तारखेचा साचा असा: टक्क्याचं चिन्ह आणि लहान डी, तिरकी रेघ, टक्का आणि लहान एम, तिरकी रेघ, टक्का आणि मोठा वाय.

इथे लहान-मोठ्या अक्षरांकडे नीट बघा. लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. चुकून मोठा एम लिहिला तर एरर येईल असं वाटतं ना? येत नाही. '०५/०८/२०२४' मधला ०८ पायथन आठ मिनिटं म्हणून घेतो, महिना कुणी सांगितलाच नाही म्हणून जानेवारी धरतो, आणि तुम्हाला ५ जानेवारी २०२४, रात्री बारा वाजून आठ मिनिटं अशी वेळ परत देतो. महिन्याचा आकडा १ ते १२ मधलाच असतो आणि मिनिट म्हणून तो कायम चालतो, त्यामुळे हजार नोंदी गेल्या तरी एकही तक्रार येणार नाही. सगळी कर्जं जानेवारीतली दिसू लागली तर आधी हा एम तपासा.

वायचंही तसंच. लहान वाय दोन आकडी वर्ष वाचतो: ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८, आणि ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९. गटातल्या एखाद्या आजींची जन्मतारीख '१५/०७/५२' लिहिली असेल तर पायथनच्या मते त्या २०५२ साली जन्मणार आहेत. वर्ष चार आकडीच लिहून घ्या. जुन्या वहीतल्या नोंदी दोन आकडीच असतील, तर जन्मतारीख वाचल्यावर ती आजच्या पुढची निघाल्यास वर्षातून १०० वजा करा.

स्ट्रपटाइम देतं त्याला तारखेसोबत वेळही चिकटलेली असते, कारण ते डेटटाइम प्रकारचं असतं. तुम्हाला हप्त्यांसाठी वेळ नको आहे. म्हणून शेवटी डॉट डेट आणि कंस लिहून नुसती तारीख काढून घ्या. नाही काढली तर एक विचित्र प्रकार होतो: डेटटाइम आणि डेट यांत लहान-मोठं विचारलं तर पायथन एरर देतो, पण दोन्ही समान आहेत का असं विचारलं तर मुकाट्याने 'नाही' म्हणतो, दिवस तोच असला तरी. मग 'आज ज्यांचा हप्ता आहे' ही यादी रोज रिकामी येते.

ओळीच्या शेवटी एखादी जास्तीची स्पेस राहिली तरी स्ट्रपटाइम नाराज होतं, म्हणून आधी स्ट्रिप करून घ्या. आणि कुणी तारखा देवनागरी आकड्यांत लिहिल्या असतील, जे बचत गटाच्या वहीत अगदी शक्य आहे, तर स्ट्रपटाइमच्या भरवशावर राहू नका. तिरक्या रेघेवर ओळ तोडा, तिन्ही तुकडे इंट या फंक्शनला द्या आणि त्यातून तारीख तयार करा. इंटला देवनागरी आकडे कळतात, '२०२४' चे ते बिनबोभाट दोन हजार चोवीस करतं. फार कमी लोकांना हे माहीत असतं.

फाइल जर एक्सेलमधून आली असेल तर आणखी एक पेच. कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल ०५/०८/२०२४ ला ८ मे समजतं. १३/०८/२०२४ ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ते साधा मजकूर म्हणून सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे. डावीकडच्या बरोबर आहेत, उजवीकडच्या उलटलेल्या आहेत. हे पायथनमध्ये दुरुस्त करायला जाऊ नका, मूळ फाइलपाशीच निस्तरा. तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये तारखा साठवताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, २०२४-०८-०५ अशा. तशा तारखा स्ट्रिंग म्हणूनही बरोबर क्रमाने लागतात, आणि पायथन ३.७ पासून फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट नावाचं फंक्शन त्या साच्याशिवाय वाचतं. सभासदांना दाखवताना हवं तर दिवस आधी करा.

आता मुख्य गोष्ट, हप्ता.

दिवस मिळवायला टाइमडेल्टा आहे. तारखेत तीस दिवसांचा टाइमडेल्टा मिळवला की तीस दिवसांनंतरची तारीख मिळते, महिना ओलांडला, वर्ष ओलांडलं, २९ फेब्रुवारी मधे आली, काही बिघडत नाही. पण टाइमडेल्टाला आठवडे, दिवस, तास, मिनिटं कळतात, महिने कळत नाहीत. तशी सोयच ठेवलेली नाही, आणि ते योग्यच आहे. 'मग तीस दिवस मिळवतो' हा मार्ग बरेच जण घेतात. ५ जानेवारी २०२५ च्या कर्जाला प्रत्येक वेळी तीस दिवस मिळवत गेलात तर बारावा हप्ता ३१ डिसेंबर २०२५ ला येतो, ५ जानेवारी २०२६ ला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला मीटिंग असलेल्या गटाला याचा काय उपयोग?

तुम्ही रिप्लेस वापरून नुसता महिना बदलला असणार, म्हणून एरर आला. ३१ जानेवारीत महिन्याच्या जागी २ टाकला की ३१ फेब्रुवारी होते, तशी तारीख नसते, पायथन व्हॅल्यू-एरर देतो. डिसेंबरच्या कर्जालाही हाच अनुभव आला असता, कारण तिथे महिना तेरावा होतो.

नियम असा ठेवा: तारीख तीच, पण त्या महिन्यात ती नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस. मग गणित सोपं आहे. वर्ष आणि महिना यांचा मिळून एकच आकडा करायचा, त्यात हवे तेवढे महिने मिळवायचे, आणि पुन्हा वेगळे करायचे:

एकूण = वर्ष * १२ + (महिना - १) + किती_महिने
नवे_वर्ष = एकूण // १२
नवा_महिना = एकूण % १२ + १

महिन्यातून आधी एक वजा आणि शेवटी एक मिळवणं, यावरच सगळं उभं आहे. पायथनचा भागाकार शून्यापासून मोजतो आणि आपले महिने एकपासून. करून बघा: डिसेंबर २०२४ मध्ये एक महिना. २०२४ गुणिले १२ म्हणजे २४२८८, अधिक ११, अधिक १, झाले २४३००. बाराने भागले, २०२५ आले, बाकी शून्य, अधिक एक म्हणजे जानेवारी. तेरावा महिना येण्याचा प्रश्नच मिटला.

मग त्या महिन्यात दिवस किती हे कॅलेंडर लायब्ररीतल्या मंथरेंज या फंक्शनला विचारा. ते दोन आकडे देतं: पहिला, महिन्याची एक तारीख कोणत्या वारी आहे, दुसरा, दिवस किती. तुम्हाला दुसरा हवा. पहिला घेतला तर एरर फक्त एक तारीख सोमवारी असलेल्या महिन्यात येतो, कारण तिथे तो आकडा ० असतो; एरवी हप्ते मुकाट्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोळा होतात. मूळ दिवस आणि हा आकडा यातला लहान तो घ्या, मिन फंक्शनने. लीप वर्षाचा विचार तुम्हाला करावा लागत नाही. २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल, हे सगळं त्याला माहीत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक हप्ता मूळ कर्जाच्या तारखेपासून काढा, आधीच्या हप्त्यापासून नाही. आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवत गेलात तर ३१ जानेवारीचे २८ फेब्रुवारी होतात, तिथून २८ मार्च, २८ एप्रिल, आणि पुढे कर्ज फिटेपर्यंत २८ च. ३१ हा आकडा फेब्रुवारीत हरवला तो हरवलाच. म्हणून लूपमध्ये किती_महिने हा आकडा १, २, ३ असा वाढवा आणि तारीख कायम मूळचीच द्या.

हे सगळं तयार मिळतं का? हो, डेटयुटिल या लायब्ररीत रिलेटिव्हडेल्टा आहे आणि ते नेमका हाच नियम पाळतं. पण तिथेही एका अक्षराचा सापळा आहे: 'मंथ्स' लिहिलं तर महिने मिळवले जातात, 'मंथ' लिहिलं तर महिना थेट तो केला जातो. शिकत असाल तर वरच्या तीन ओळी आधी स्वतः लिहा. लायब्ररी नंतर वापरा, माझी काही हरकत नाही.

बँकेच्या सुट्टीचं. १ सप्टेंबर २०१५ पासून देशभर बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शनिवारी चालू. पायथनचं वीकडे फंक्शन सोमवारला ० म्हणतं, शनिवारला ५ आणि रविवारला ६. आपल्याला रविवारपासून वार म्हणायची सवय, म्हणून मराठी वारांची यादी करताना ती 'सोमवार' पासूनच सुरू करा, नाहीतर प्रत्येक वार एकाने चुकेल. तपासायचं असेल तर १ मे १९६० द्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो रविवार होता, उत्तर ६ यायला हवं. स्ट्रफटाइमकडून वाराचं नाव मागितलंत तर ते साधारणपणे इंग्रजीत मिळतं. मराठी नावांसाठी आपली यादीच बरी, महिन्यांसाठीही.

शनिवार कितवा हे काढायला: दिवसातून एक वजा, सातने पूर्ण भागाकार, अधिक एक. १४ तारखेला १३ भागिले ७ म्हणजे १, अधिक १, दुसरा. सरकारी सुट्ट्यांची मात्र यादी दर वर्षी हाताने भरावी लागेल, वेगळ्या फाइलमध्ये. दिवाळी किंवा गणेश चतुर्थी डेट लायब्ररीतून काढता येत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा वेळ. तो साधारण १९ ते २६ तास असा कमीजास्त होतो, म्हणून तिथीचा क्षयही होतो आणि वृद्धीही. ते खगोलगणित आहे, या प्रोग्रामच्या कक्षेबाहेर. कॅलेंडर भिंतीवर आहेच, त्यात बघून यादी भरा.

तारीख पुढे ढकलताना 'इफ' नको, 'व्हाइल' हवं: बंद दिवस असेल तोवर एकेक दिवस मिळवत राहा. आणि ढकललेली तारीख फक्त दाखवायला आणि दंड मोजायला वापरा. पुढच्या हप्त्याचं गणित पुन्हा मूळ तारखेवरूनच.

दंडाच्या दिवसांसाठी भरल्याच्या तारखेतून देय तारीख सरळ वजा करा. उत्तर टाइमडेल्टा येतं, त्यातले डेज घ्या. १० मार्चचा हप्ता १३ मार्चला भरला तर ३. कुणी आधी भरला तर उत्तर ऋण येतं, म्हणून शून्य आणि ते उत्तर यातलं मोठं घ्या, नाहीतर लवकर भरणाऱ्याला दंडाऐवजी बक्षीस मिळायचं. दोन्ही बाजूंना नुसत्या तारखा आहेत ना, हे बघा. वेळ चिकटलेली असेल तर काल संध्याकाळी पाच ते आज सकाळी नऊ यांतला फरक शून्य दिवस येतो, कारण चोवीस तास भरत नाहीत. दोन्ही टोकं धरून दिवस मोजायचे असतील, रजेचे मोजतो तसे, तर वजाबाकीत एक मिळवा. व्याजात पहिला दिवस धरायचा की नाही, हे गटाच्या ठरावात काय लिहिलंय त्यावर.

वय. तुम्ही दिवसांना ३६५.२५ ने भागलं असणार. १ जून २००५ चा जन्म घ्या, १ जून २०२३ ला वय किती? अठरा पूर्ण. मधले दिवस ६५७४. भागिले ३६५.२५ म्हणजे १७.९९८, पूर्णांक घेतला की सतरा. नुसत्या ३६५ ने भागलं तर उलटं, मुलगी चार दिवस आधीच अठरा वर्षांची होते. भागाकार सोडून द्या. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करा, आणि या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करा. वाढदिवस आलाय की नाही हे बघायला (महिना, दिवस) अशा जोड्यांची तुलना करा. पायथन आधी महिना बघतो, तो सारखा असेल तरच दिवस. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो, तेव्हा वाढदिवसाच्या दिवशी वय पूर्ण धरणं बरोबरच आहे. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं वय या पद्धतीने बिगरलीप वर्षात १ मार्चला वाढतं.

जाता जाता: वयस्कर सभासदांच्या यादीत ढीगभर वाढदिवस १ जूनला दिसले तर प्रोग्राममध्ये बिघाड शोधू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे ती.

'आज' कुठून येतो, तेही बघा. डेट.टुडे हे मशीनच्या घड्याळावर चालतं. तुमच्या लॅपटॉपवर ठीक, पण गुगल कोलॅबसारख्या ठिकाणी घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेवर असतं आणि रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. तिथे झोनइन्फोला 'एशिया/कोलकाता' देऊन आत्ताची वेळ मागा आणि तिची तारीख काढा. ही लायब्ररी ३.९ पासून पायथनसोबतच येते, विंडोजवर टीझेडडेटा वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. जुन्या उदाहरणांत याच कामाची पायटीझेड ही लायब्ररी दिसेल. त्याचा झोन डेटटाइम बनवताना थेट टीझेडइन्फोमध्ये टाकला तर कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ मिळते, साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटं. कुठेही २३ मिनिटांचा फरक दिसला की कारण हेच.

आणि 'आज' फंक्शनच्या आत मागू नका, बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या, म्हणजे हवी ती तारीख देऊन तपासता येईल. पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत म्हणूनही डेट.टुडे लिहू नका. ती किंमत फंक्शन तयार होतानाच ठरते, त्यामुळे प्रोग्राम चार दिवस सुरू राहिला तर चारही दिवस 'आज' पहिल्याच दिवसाचा राहतो.

सगळं लिहून झालं की ३१ जानेवारी २०२५ च्या कर्जाचे तेरा हप्ते एकाखाली एक छापा, सुट्ट्यांची यादी रिकामी ठेवून. पहिला २८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुसरा ३१ मार्च; तिथे २८ मार्च दिसला तर तुम्ही अजून आधीच्या हप्त्यापासूनच मोजताय. चौथा ३१ मे, शनिवार, पण पाचवा, म्हणजे जागेवरच राहायला हवा. सातवा ३१ ऑगस्ट, रविवार, तो १ सप्टेंबरला गेला पाहिजे. तेरावा २८ फेब्रुवारी २०२६, चौथा शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून २ मार्च. तिथे १ मार्च आला तर 'व्हाइल'च्या जागी 'इफ' राहिलंय.